थिबा राजाचा वाडा

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याचा जन्म १८५९ साली झाला. त्याचा पिता मिंडॉन याने मंडाले हे नवे नगर वसविले होते. चौरस आखणीचे ते नगर. भोवती तट व खंदक, आणि मध्यभागी सागवानी राजवाडा. तो मुलूख कोरडा असल्याने लाकडाचे मोकळे महाल तेथे शोभत. थिबा १८७८ साली गादीवर बसला; परंतु १८८५ साली इंग्रजांनी त्याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी सहकुटुंब रत्नागिरीस आणून ठेवले.

मंडालेस वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढा रत्नागिरीस एकट्या आषाढात कोसळतो. परक्या हवेत, सरकारी बंगल्यांत, या बंदिवान राजाने चोवीस वर्षे काढली. परवानगीवाचून त्याला कोठे जाता येत नसे. अखेर १९१० साली सरकारने बांधलेल्या नव्या वाड्यात तो राहावयास गेला.

हा वाडा तुम्ही अवश्य पाहावा. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून तो उंचावर उभा आहे, त्यामुळे समुद्राचा वारा दालनांतून खेळतो. भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो; शिवाय तो कोकणात पावलोपावली मिळतो, दूरदेशाहून आणावा लागत नाही. जाड भिंतींमुळे दुपारचे ऊन आत उशिरा पोहोचते, आणि उतरत्या छपरांवर पाणी ठरत नाही. मंडालेच्या मोकळ्या महालाचा येथे निभाव लागला नसता.

पुढे कोकणातही सपाट छतांची सिमेंटची घरे झाली. ती पावसात गळतात म्हणून वर पत्रे घालावे लागतात, आणि वैशाखात ती भट्टीसारखी तापतात. आता पृथ्वीचे हवामानच बदलू लागल्याने वास्तुविशारद जांभ्याचा व कौलांचा पुन्हा विचार करीत आहेत.

थिबाला मात्र हे घर कितीही सोयीचे असले तरी ते आपले वाटले असेल, असे म्हणवत नाही. वारा मुक्तपणे येई-जाई. तो स्वतः जाऊ शकत नसे. पुरती सात वर्षेही तो तेथे राहिला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. राणी सुपयालत १९१९ साली ब्रह्मदेशी परतली. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे.