विश्लेषण : १८८८ची इमारत आजही ‘ऑफिस’ म्हणून कशी चालते? कोण होते जॉन रूट?

जुनी व्यापारी इमारत पाडून टॉवर उभारायचा, की तिच्याच भिंतींत आधुनिक कार्यालय थाटायचे? अमेरिकेतील शिकागो शहरातील ‘रूकरी’ इमारत दुसऱ्या पर्यायाचे उदाहरण आहे. ती आजही वापरात आहे. त्याचे बरेचसे श्रेय तिचे वास्तुविशारद जॉन रूट यांना जाते.

रूट शिकागोत कसे आले?

जॉन वेलबॉर्न रूट यांचा जन्म १० जानेवारी १८५० रोजी जॉर्जिया राज्यात झाला. यादवी युद्ध पेटल्याने वडिलांनी त्यांना इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला पाठवले. परतल्यावर १८६९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. १८७१च्या आगीत शिकागोचा मध्यभाग बेचिराख झाला होता. शहर नव्याने उभे राहत असताना रूट तेथे पोहोचले आणि १८७३ मध्ये त्यांनी डॅनियल बर्नहॅम यांच्याशी भागीदारी केली. बर्नहॅम व्यवहार सांभाळत, तर रूट आराखडे करत.

रूकरीत वेगळे काय होते?

शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची. त्यामुळे उंच इमारत खचण्याची भीती. रूट यांनी लोखंडी रूळ आडवे-उभे रचून काँक्रीटमध्ये बसवले आणि इमारतीचा भार रुंद पायावर पसरवला. दुसरी अडचण उजेडाची. त्यासाठी त्यांनी आपल्याकडील वाड्यासारखा मधोमध मोकळा चौक ठेवला. त्यामुळे आतल्या बाजूच्या खोल्यांनाही खिडक्या मिळाल्या. चौकाच्या तळाशी काचेच्या छताचे दालन होते. इमारत पूर्ण झाल्यावर दोघांनी स्वतःचे कार्यालयही तेथेच थाटले.

अकाली मृत्यू

१८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाच्या आखणीत रूट गुंतले होते. याच प्रदर्शनानिमित्त भरलेल्या धर्मपरिषदेत पुढे स्वामी विवेकानंद बोलले. ते प्रदर्शन पाहणे मात्र रूट यांच्या नशिबी नव्हते. १५ जानेवारी १८९१ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४१.

त्यांच्यानंतर इमारतीचे काय झाले?

१९०५ मध्ये फ्रँक लॉइड राइट यांनी दालनाचे नूतनीकरण हाती घेतले. रूट यांचे नक्षीदार लोखंडी खांब पांढऱ्या संगमरवराने मढवले गेले. पुढे काचेचे छत झाकले गेले आणि दालन कित्येक वर्षे अंधारात राहिले. १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या कामात छत पुन्हा उघडले, तर कार्यालये आजच्या गरजेनुसार सजली. राइट यांचा संगमरवर कायम ठेवला. फक्त एका खांबावरचा थोडा भाग मुद्दाम उघडा ठेवला. तेथे रूट यांचे मूळ लोखंडी काम दिसते.

यातून काय शिकायचे?

सजावट दर पिढीत बदलते. पाया भक्कम असेल आणि उजेड-वाऱ्याची सोय मुळातच असेल, तर जुनी इमारत नवे कामही पेलते. रूट यांनी या दोन्ही गोष्टी आधीच करून ठेवल्या होत्या.