अपयशी प्रयोगातून उलगडला भूमीचा प्रवास : पॅट्रिक ब्लॅकेट (१८९७–१९७४)

धुळ्याहून नंदुरबारच्या बाजूस जाताना शेतांच्या मधूनच उठलेल्या काळ्या दगडी भिंती आपण पाहिल्या असतील. जमिनीच्या भेगांमध्ये गोठलेल्या लाव्हारसाच्या या भिंती आहेत. त्यांतील एक तर जवळजवळ ८० किलोमीटर लांब आहे. जळगावची कपाशी पोसणारी काळी माती याच दगडाची झीज होऊन तयार झाली. हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून तो गोठला तेव्हा आपली भूमी आजच्या जागी नव्हती. हे सत्य उजेडात आणण्यास ज्यांचे मोठे साहाय्य झाले, त्या ब्लॅकेट यांचा परिचय आम्ही आज करून देत आहोत.

ब्लॅकेट यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ रोजी लंडन येथे झाला. बालवयातच ते नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धात फॉकलंड व जटलंडच्या सागरी लढायांत लढले. युद्धानंतर त्यांनी केंब्रिज येथे शिक्षण घेऊन रदरफर्ड यांच्या हाताखाली संशोधन आरंभिले. अणुकेंद्राचे रूपांतर टिपण्यासाठी त्यांनी सुमारे २३,००० छायाचित्रे घेतली. हवे ते दृश्य त्यांत अवघे आठ वेळा सापडले. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास त्यांनी एक धाडसी सिद्धांत मांडला होता. पृथ्वीसारख्या प्रचंड गोलास केवळ फिरण्यामुळेच चुंबकत्व प्राप्त होते, असा तो होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी अतिशय संवेदनशील चुंबकमापक बनविला आणि १५ किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा दंडगोल त्याजवळ ठेवून पाहिला. अपेक्षित चुंबकत्व मिळाले नाही. कीर्तीच्या शिखरावर असताना आपलाच सिद्धांत फोल ठरला, हे त्यांनी १९५२ साली स्वतःच प्रसिद्ध केले.

मात्र उपकरण त्यांनी अडगळीत टाकले नाही. ते दगडांकडे वळविले. लाव्हा थंड होताना त्यातील लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. विषुववृत्तावर ही दिशा आडवी असते आणि ध्रुवांकडे जावे तशी अधिक कलत जाते. म्हणून दगडातील कलावरून तो कोणत्या अक्षांशावर गोठला हे कळते. ब्लॅकेट यांनी उभारलेल्या गटातील जॉन क्लेग व सहकाऱ्यांनी दख्खनचे दगड तपासून १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांचे कामही प्रसिद्ध झाले. दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर होती. म्हणजे तिने पाच हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेकडे प्रवास केला आहे.

तरीही अनेक विद्वानांना हे पटेना. मग समुद्रानेच साक्ष दिली. १९६३ साली व्हाइन व मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग या हिंदी महासागरातील बुडालेल्या पर्वतरांगेवरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. रांगेच्या माथ्यावर नवा लाव्हा गोठतो आणि दोन्ही बाजूंस सरकत जातो. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटत असल्याने सरळ व उलट दिशांचे पट्टे आळीपाळीने उमटतात. दख्खनच्या थरांतही असेच उलट-सुलट दिशांचे लेख आहेत. पट्ट्यांची रुंदी व त्यांचे वय यांवरून आज आपल्याला ठाऊक आहे की, त्या काळी भारत वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास सरकत होता आणि आशियाला भिडल्यावर मंदावला.

१९६४ साली रॉयल सोसायटीत खंडवहनावर भरलेल्या परिसंवादाच्या संयोजकांत ब्लॅकेट होते. पुढच्याच वर्षी ते त्या संस्थेचे अध्यक्ष झाले. १९४७ पासून ते वारंवार भारतात येत आणि पंडित नेहरूंना सल्ला देत. १३ जुलै १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपली चूक त्यांनी लपविली असती, तर ते उपकरण कदाचित तिच्यासोबतच विस्मृतीत गेले असते. प्रिय वाचकहो, खानदेशातील त्या काळ्या भिंतीजवळून जाताना या प्रामाणिक माणसाचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.