विश्लेषण : अर्जेंटिनाच्या रेड वाइनमागचा ‘मास्तर’ राष्ट्राध्यक्ष कोण होता?

दरवर्षी १७ एप्रिलला जगभरातले वाइनप्रेमी ‘वर्ल्ड माल्बेक डे’ साजरा करतात. माल्बेक म्हणजे अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्रांताची ओळख बनलेले काळे द्राक्ष. पण या तारखेला पहिली वेल लावली गेली नव्हती की पहिली बाटलीही भरली गेली नव्हती. १८५३ मध्ये या दिवशी मेंडोझाच्या विधिमंडळात शेतीशाळा काढण्याचे विधेयक मांडले गेले. त्यामागची कल्पना होती डोमिंगो फाउस्तिनो सार्मिएंतो यांची. ते शिक्षक होते, पत्रकार होते आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

सार्मिएंतो कोण होते?

मेंडोझाच्या शेजारच्या सान हुआन येथे १५ फेब्रुवारी १८११ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. आई पाउला अल्बाराझिन अंजिराच्या झाडाखाली माग टाकून कापड विणायची. त्या कमाईतूनच तिने घर बांधले. पुढे नव्या फॅशनच्या नादात बहिणींनी ते झाड तोडायला लावले. आईचे ते दुःख सार्मिएंतो यांनी १८५० मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले.

बुएनोस आयरेसला सरकारी खर्चाने शिकायला जाणाऱ्या मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, त्यात त्यांचे नाव निघाले नाही. मग पाद्री असलेल्या नातेवाइकाकडे आणि मिळेल त्या पुस्तकांतून ते शिकले. वयाच्या पंधराव्या वर्षी ते स्वतःहून मोठ्या माणसांना अक्षरे गिरवायला शिकवत होते.

वाइनचा विचार आला कुठून?

देशात यादवी सुरू होती. १८३१ मध्ये पराभूत बाजूचे म्हणून त्यांना अँडीज ओलांडून चिलीत पळावे लागले. तिथे त्यांनी शाळेत शिकवले, दुकानात काम केले, खाणीत मुकादमी केली. मायदेशी परतून १८३९ मध्ये मुलींची शाळा आणि ‘एल झोंडा’ हे वृत्तपत्र काढले. झोंडा म्हणजे त्या भागातला कोरडा, गरम वारा. पुढच्याच वर्षी पुन्हा हद्दपारी वाट्याला आली.

चिली सरकारने मात्र त्यांची किंमत ओळखली. १८४२ मध्ये सांतियागोत शिक्षक प्रशिक्षण शाळा त्यांच्या हाती दिली. १८४५ मध्ये शिक्षणपद्धतींचा अभ्यास करायला युरोप-अमेरिकेला पाठवले. सांतियागोतच ‘किंता नॉर्माल’ ही सरकारी प्रायोगिक शेतीसंस्था होती. बाहेरची रोपे आणायची, वाढवायची, शेतकऱ्यांना शिकवायचे, हे तिचे काम. असेच काही मेंडोझात व्हावे, असा आग्रह त्यांनी गव्हर्नर पेद्रो पास्कुआल सेगुरा यांच्याकडे धरला.

शेतीशाळेने नेमके काय केले?

मेंडोझात द्राक्षे नव्हती असे नाही. स्पॅनिश लोकांनी आणलेली ‘क्रिओया’ द्राक्षे तिथे तीन शतके पिकत होती. पण त्यांची वाइन फिकट, साधी. नव्या शाळेचे पहिले संचालक म्हणून फ्रेंच कृषितज्ज्ञ मिशेल एमे पुजे आले. त्यांनी आणलेल्या फ्रेंच वाणांत माल्बेकही होते. मेंडोझाचे शेतकरी त्याला नुसते ‘फ्रेंच द्राक्ष’ म्हणू लागले.

पुढच्या दशकांत मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. पुन्हा लागवड करताना बोर्दोमध्ये माल्बेक मागे पडले. मेंडोझात मात्र ते टिकले आणि पसरले.

राष्ट्राध्यक्ष म्हणून कामगिरी काय?

१८६८ मध्ये निवडून आले तेव्हा ते अमेरिकेत राजदूत होते. दोनच वर्षांपूर्वी पॅराग्वेविरुद्धच्या युद्धात त्यांचा मुलगा दोमिंगितो मारला गेला होता. १८६९ मध्ये त्यांनी देशाची पहिली जनगणना केली. लोकसंख्या भरली सुमारे १८ लाख, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. सहा वर्षांत शाळकरी मुलांची संख्या सुमारे ३० हजारांवरून एक लाखापर्यंत गेली. अमेरिकेतून शिक्षिका बोलावण्याची योजनाही त्यांचीच. कोर्दोबाची राष्ट्रीय वेधशाळा १८७१ मध्ये त्यांच्याच काळात उभी राहिली.

मग ते वादग्रस्त का?

जे बाहेरून आले ते सुधारलेले, जे इथले ते रानटी, ही त्यांची ठाम धारणा होती. १८४५ च्या ‘फाकुंदो’ या गाजलेल्या पुस्तकाचा पायाच हा. वेलींच्या बाबतीत ती फळाला आली, माणसांच्या बाबतीत क्रूर ठरली. गाउचो म्हणजे गवताळ प्रदेशातले घोडेस्वार गुराखी. त्यांचे रक्त सांडताना हात आखडू नये, असे त्यांनी १८६१ मध्ये बार्तोलोमे मित्रे यांना पत्राने कळवले. १८६३ मध्ये बंडखोर नेता ‘चाचो’ पेन्यालोझा याला मारून त्याचे शिर भाल्यावर लावले गेले. सार्मिएंतो यांनी त्याचेही समर्थन केले. मूळनिवासींबद्दलचे त्यांचे लिखाणही तितकेच तुच्छतेचे आहे.

त्यांची धारणा बागेत तरी खरी ठरली का?

अर्धीच. मेंडोझात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. बागा जगतात त्या अँडीजच्या बर्फाचे पाणी आणणाऱ्या पाटांवर. हे पाट काढण्याची सुरुवात स्पॅनिश येण्याआधी तिथल्या हुआर्पे लोकांनी केली होती. म्हणजे फ्रेंच वेल वाढली ती त्यांनी घालून दिलेल्या वाटेने आलेल्या पाण्यावर.

उंचीनेही वेल बदलली. उको खोऱ्यातल्या बागा साधारण ९०० ते १,५०० मीटर आणि त्याहून वर आहेत. कडक ऊन मण्याची साल जाड आणि गडद करते, तर थंड रात्री आंबटपणा टिकवतात. म्हणून फ्रान्समधल्या बोर्दो ब्लेंडमध्ये दुय्यम असलेले माल्बेक मेंडोझाच्या ब्लेंडमध्ये बहुधा मुख्य असते. कॅबर्ने सॉव्हिन्यों त्याला कणा देते, कॅबर्ने फ्रांक सुगंध, तर पेटी व्हर्दो रंग आणि तुरटपणा.

१८८५ मध्ये रेल्वे मेंडोझाला पोहोचली आणि बुएनोस आयरेसची बाजारपेठ खुली झाली. तीनच वर्षांनी, ११ सप्टेंबर १८८८ रोजी सार्मिएंतो यांचे निधन झाले. तेही असुन्सिओनला, म्हणजे ज्या पॅराग्वेविरुद्ध लढताना त्यांचा मुलगा गेला, त्याच देशाच्या राजधानीत. अर्जेंटिनात हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. सान हुआनमधले आईने बांधलेले घर आता राष्ट्रीय स्मारक आहे.