दुष्काळात आई-बाप गमावले, पुढे दुष्काळातल्या पोरींची आई झाल्या : पंडिता रमाबाई

एरंडोल : मनमाड-दौंड मार्गे रेल्वेने पुण्याला जाताना दौंड सोडलं की थोड्या वेळाने केडगाव स्टेशन लागतं. आपल्याकडे केडगाव म्हटलं की नगरचं आठवतं, पण हे पुणे जिल्ह्यातलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथंच आहे. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन.

जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला. त्याच आईने रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब गावोगाव पुराण सांगत फिरायचं. दुष्काळ पडला तसं होतं नव्हतं ते विकलं, भांडीसुद्धा गेली. शेवटी रानातला पाला खायची वेळ आली. वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. राहिले रमाबाई आणि भाऊ. दोघं उपाशीतापाशी पायी देश फिरले.

१८७८ ला कलकत्त्यात त्यांचं संस्कृत ऐकून विद्वानांनी 'पंडिता' ही पदवी दिली. पुढे भाऊ वारला. लग्न केलं बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी, जात वेगळी. १८८२ मध्ये तेही कॉलऱ्याने गेले. पदरात तान्ही मनोरमा.

पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला. १८८३ ला इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. अमेरिकेत व्याख्यानं देऊन मदत जमवली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं, ते नंतर पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून मोठा गदारोळ झाला. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. हा आरोप खरा की खोटा यावर अजून वाद चालतो. पालकांची भीती अगदीच बिनबुडाची होती, असंही म्हणता येणार नाही.

पण १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई घरी बसल्या नाहीत. मध्य प्रांतात स्वतः गेल्या. हाडाचे सापळे झालेल्या, कुणी वाली नसलेल्या पोरी, काहींना तर वाईट धंद्याला लावायला माणसं टपलेली. अशा जवळपास ३०० जणी त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या पोरी ठेवायला मनाई. मग सदनाच्या उत्पन्नासाठी केडगावला घेतलेलं शेत कामी आलं. आधी तंबू-झोपड्या, मागून पक्की घरं. विहिरी खोदल्या.

१८९९-१९०० चा दुष्काळ तर आपल्या खानदेशानेही भोगला. तेव्हा गुजरातेतून आणखी लेकरं आली आणि आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. एवढ्या तोंडांना रोज घालायचं काय, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून पोरींना नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना सगळं त्याच चालवत. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबलही इथल्याच बायकांनी छापलं.

मनोरमा आईचा उजवा हात होती. १९२१ मध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई केडगावातच वारल्या. मिशन आजही चालू आहे.