विश्वासरावांची आई

संक्रांत आली की आमच्या सुर्ल्यात घरोघर तिळगूळ वाटला जातो, सुवासिनींची हळदीकुंकवे होतात, आणि इतिहासाच्या पुस्तकात मागे कधीतरी वाचलेला पानिपताचा धडा आम्हांस हटकून आठवतो. त्या धड्यात भाऊसाहेब असतात, जनकोजी असतात, अब्दालीच्या उंटांवरील तोफा असतात. एक व्यक्ती मात्र त्यात ओझरतीच भेटते, कारण ती रणांगणावर नव्हती. ती पुण्यास शनिवारवाड्याची मालकीण होती आणि तिचा थोरला मुलगा रणांगणावर होता. पेशव्यांच्या घराण्यातील त्या गोपिकाबाईंचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

गोपिकाबाई या वाईचे सावकार भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या. इ. स. १७३० मध्ये थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्या वेळी वधूवर दोघेही अजाण होते. दहा वर्षांनी नानासाहेब पेशवे झाले. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव हे त्यांचे पुत्र इतिहासात प्रसिद्ध आहेत. आणखी एक मुलगा बालपणीच गेला. त्या काळी आपला डिचोली महाल कधी वाडीकर भोसल्यांच्या, तर कधी पोर्तुगिजांच्या ताब्यात जात असे. त्याच पोर्तुगिजांकडून चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली होती. त्या चिमाजी अप्पांचे पुत्र म्हणजे सदाशिवरावभाऊ. पुढे पानिपताच्या वाटेवर विश्वासरावांच्या शेजारी होते ते हेच चुलते.

विश्वासरावांस पाठविण्याचा हट्ट गोपिकाबाईंनीच धरला, असे परंपरेने सांगतात. विजयाचे सारे श्रेय एकट्या भाऊंस मिळू नये, आपल्या पुत्राच्या नावाने मोहीम व्हावी, असा त्यात त्यांचा हेतू होता, असा आरोप आहे. आमच्या मते हा आरोप जपून घ्यावयास हवा. पेशव्यांच्या वारसाने मोहिमेचा नामधारी नायक म्हणून जावे, ही त्या घराण्याची चालच होती. १७५७ साली सिंदखेडच्या मोहिमेत विश्वासराव दत्ताजी शिंद्यांबरोबर गेले होते, तेव्हा त्यांस मिसरूडही फुटले नसेल. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर येथे निजामाचा मोड झाला, त्या स्वारीतही ते होते. असा मुलगा उत्तरेच्या मोहिमेत मागे राहता तरच नवल. शिवाय बखरी लिहिल्या गेल्या त्या पराभवानंतर. आणि पराभवाचे खापर वाड्यातील बाईच्या माथी फोडणे सोपे असते. परंतु बाईंनी मुलास आनंदाने निरोप दिला असेल, तर ती आठवण पुढे जन्मभर त्यांच्या उरात काट्यासारखी रुतून राहिली असणार, हेही तितकेच खरे.

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. दुपार टळेपर्यंत मराठ्यांची बाजू वरचढ होती. इतक्यात विश्वासरावांस गोळी लागली. ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. पुतण्या पडल्याचे पाहताच भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. मोकळ्या अंबारीमुळे फौजेचा धीर सुटला आणि अवघ्या काही घटकांत सारे संपले.

विश्वासरावांचे कलेवर अब्दालीच्या छावणीत नेण्यात आले. त्यांचे रूप पाहून शत्रूकडील माणसेही हळहळली, असे वर्णन आढळते. ते शव सुकवून, पेंढा भरून स्वदेशी न्यावे, असा काही अफगाणांचा विचार होता. अयोध्येचा नवाब सुजाउद्दौला मध्ये पडला, आणि मग त्या तरुणाचे अंत्यसंस्कार धर्माप्रमाणे झाले. सुजाच्या पदरी असलेल्या काशीराज नावाच्या दक्षिणी ब्राह्मणाने हा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. आईबापांपासून शेकडो कोसांवर, परक्यांच्या मध्यस्थीने चिता पेटली; आम्हांस त्या साऱ्या युद्धवर्णनात एवढाच प्रसंग सर्वांत जड वाटतो.

आज सीमेवरील जवानाची वार्ता काही तासांत घरी पोहोचते. त्या वेळी नानासाहेब स्वतः कुमकेस निघाले असूनही त्यांस दहा दिवस काही कळले नाही. २४ जानेवारीस भेलशाजवळ एका सावकारी पत्रातून ती बातमी त्यांच्या हाती पडली. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती; मोत्यांचा, मोहरांचा आणि चिल्लर नाण्यांचा हिशेब होता. गळालेल्या दोन मोत्यांपैकी एक आपला मुलगा आहे, हे बापास फोडून सांगावे लागले नाही. ते खचलेल्या मनाने पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. मराठीत भरवसा उडाला की पानिपताचे नाव घेण्याची रीत पडली, तीही विश्वासरावांच्या नावावरूनच.

सहा महिन्यांच्या आत पुत्र आणि पती गमावलेल्या गोपिकाबाईंस शोक करावयास उसंत मिळाली नाही. सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले आणि दीर रघुनाथराव कारभार बळकावू पाहत होते. बाई करारी होत्या, मानी होत्या, आणि कारभारात लक्ष घालण्याची त्यांना सवय होती. परंतु माधवरावही त्यांचेच पुत्र! मातेचा हस्तक्षेप त्यांनी चालू दिला नाही. मायलेकांत दुरावा येऊन बाई नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी राहू लागल्या. एक मुलगा युद्धाने नेलेला, आणि दुसरा जिवंत असूनही दूर, अशी ही स्थिती होती.

येथे भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंची आठवण होते. त्या पानिपतावर होत्या, तेथून जिवंत परतल्या, आणि पती गेल्याचे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. १७८३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे ठेवली. पुढे भाऊंचा तोतया निघाला आणि १७७६ साली त्याने कोकणात बंडही उभारले. पार्वतीबाईंना संशयाचा आधार तरी होता. गोपिकाबाईंना तोही नव्हता. विश्वासरावांची चिता पाहणारे साक्षीदार होते.

दैवाने मग उरलेलेही नेले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव क्षयाने थेऊर येथे गणपतीच्या देवळात वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणरावांचा शनिवारवाड्यात गारद्यांकडून खून झाला. ज्या वाड्याच्या त्या मालकीण होत्या, त्याच वाड्यात धाकटा मारला गेला. आम्हांस असे दिसते की, विश्वासरावांच्या मृत्यूस निदान रणांगण तरी होते. नारायणरावांच्या मृत्यूस तेवढाही दिलासा नव्हता.

गोपिकाबाई गोदातीरीच राहिल्या. व्रते, उपवास, स्नानसंध्या यांत त्यांचे दिवस जात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील प्रचंड घंटा मूळची पोर्तुगिजांची. वसईच्या विजयाची ती खूण अनेक वेळा त्यांच्या कानी पडली असेल. नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेला नातू सवाई माधवराव पुण्यात कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली वाढत होता. त्याने कसे वागावे, हे आजीने त्यास लिहून कळविले. पहाटे केव्हा उठावे येथपासून दिनचर्या कशी ठेवावी येथपर्यंत सारे त्या पत्रात आहे. राज्य वाढविण्याचा हव्यास नाही, सारे मुलगे गमावलेल्या बाईची ती काळजी आहे, असे आम्हांस ते वाचताना वाटले.

१७८८ च्या ऑगस्टमध्ये नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. सात वर्षांनी, २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, शनिवारवाड्याच्या माडीवरून पडलेला तो नातूही गेला. ती वार्ता ऐकावयास बाई उरल्या नव्हत्या.