हॉवर्डसाहेब आणि इंदूरचा खड्डा

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी लिबिग कंडेन्सर हाताळलाय. त्याच लिबिगने १८४० साली पुस्तक लिहून जगाला पटवलं की झाडाला लागतात ती जमिनीतली खनिजं. पुढे नत्र, स्फुरद, पालाश म्हणजेच शेती, असा समज रूढ झाला. त्या समजाशी शेवटपर्यंत भांडलेल्या एका इंग्रज माणसाबद्दल मला सांगायचंय. सर अल्बर्ट हॉवर्ड.

जन्म १८७३ चा, श्रॉपशायरमधल्या शेतकरी घरातला. केंब्रिजला शिक्षण, मग वेस्ट इंडीजमध्ये नोकरी, आणि १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. हुकमत साहेबाची, पण इथला शेतकरी आणि पिकावरची कीड हे दोघे त्याने आपले प्राध्यापक मानले. कीड आली म्हणजे झाडाचं खाणंपिणं कुठेतरी चुकलंय, असा त्याचा हिशेब.

१९२४ साली होळकरांच्या इंदुरात नवी संस्था उभी राहिली. खरं काम तिथे झालं. यशवंत वाड हे सहकारी सोबत होते. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखाली चुरायच्या, मग खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. ओल राखायची, पण चिखल होऊ द्यायचा नाही, कारण हवा कोंडली की घाण वास सुटतो आणि नत्र उडून जातं. तीनदा पलटी मारली की साधारण तीन महिन्यांत खत तयार. हीच इंदूर पद्धत. १९३० साली गॅब्रिएल गेल्या. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड यांचं पुस्तक आलं, त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले. १९३४ साली ‘सर’ झाले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये वारले.

आता गुलाबाकडे येतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं. तो जास्त पडला की गुलाब पानांनी माजतो, लुसलुशीत फुटव्यांवर मावा येतो आणि कळ्या कमी लागतात. हॉवर्डचा प्राध्यापक हजर! त्यातून आमच्या बदलापुरात पाऊस असा कोसळतो की कुंडीतलं बरंचसं नत्र पाण्याबरोबर वाहून जातं.

पण लिबिगही खोटा नव्हता. मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात, मग ते गोणीतून येवो की खड्ड्यातून. फरक असा, की कुजलेलं खत नत्र हळूहळू सोडतं, पोटॅश आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, माती भुसभुशीत ठेवतं. म्हणून मी तरी दोघांनाही थारा देतो. पाया कंपोस्टचा, आणि छाटणीनंतर चिमूटभर सुफला.

हॉस्टेलच्या मेसमधून भाज्यांची देठं, साली रोज कचऱ्यात जातात आणि बागेसाठी खत मात्र विकत येतं. हॉवर्डला हे अजिबात पटलं नसतं. मेसमागे एक खड्डा खणायला फावडं, घमेलं आणि एक रविवार पुरे. येणार का कोणी?