उंचीचं देणं

आमच्या आचऱ्याकडं मुलगी अंमळ उंच निघाली, की घरात कौतुकाच्या आधी काळजी शिरते. आजी दाराच्या चौकटीकडं बघते, आई शाळेच्या स्कर्टची शिवण पुन्हा उसवते आणि विहिरीवर भेटलेली शेजारीण 'पोफळ' म्हणून हसून निघून जाते. माझी भाची अशीच. तेराव्या वर्षी तिनं आईला मागं टाकलं, पंधराव्या वर्षी बापाला. तेव्हापासून ती खांदे पाडून, मान खाली घालून चालते. व्हॉलीबॉलच्या मैदानावर मात्र शाळेच्या संघाचं तिच्यावाचून पान हलत नाही. जाळीपाशी उभी असते तेवढा वेळ ती ताठ!

तिला तसं उभं पाहिलं की मला फ्लो हायमन आठवते. १९८६ सालच्या जानेवारीत मी कॉलेजात होते. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर, खाली कोपऱ्यात, चार-सहा ओळींत तिची बातमी होती. जपानमध्ये सामना चालू असताना एक अमेरिकन व्हॉलीबॉलपटू बाकावर बसल्या बसल्या कोसळली आणि गेली. वय ३१. मी त्या वेळी स्वतः थोडंफार खेळत होते. बातमी वाचून छातीत धस्स झालं, एवढं आठवतं. त्या चार-सहा ओळींच्या मागं केवढी बाई होती, ते पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

पूर्ण नाव फ्लोरा जीन हायमन. जन्म ३१ जुलै १९५४, लॉस एंजेलिस. बालपण शेजारच्या इंगलवूडमध्ये गेलं. घर कृष्णवर्णीय, कष्टकरी. वडील रेल्वेत साफसफाईच्या कामावर होते, आई लहानसं उपाहारगृह चालवायची. आठ भावंडांत फ्लो दुसरी. उंची घरातच होती. आई ५ फूट ११ इंच, वडील ६ फूट १ इंच. पण लेकीनं सगळ्यांवर कडी केली. बाराव्या वर्षी ती ६ फुटांची झाली आणि वाढ थांबली तेव्हा ६ फूट ५ इंचांवर पोचली होती! शाळेतल्या पोरांनी तिला राक्षसिणीसारखी नावं ठेवली नसती तरच नवल. तीही पोक काढून चालायला लागली. ताठ उभं राहायचं, उंचीची लाज बाळगायची नाही, हे आईवडिलांना तिला पुन्हा पुन्हा शिकवावं लागलं. म्हणजे आचरा काय आणि इंगलवूड काय, उंच मुलीच्या आईला काम तेच.

तिला खेळात ओढलं ते थोरल्या बहिणीनं. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत जाळी बांधून दोघी-दोघींचे सामने व्हायचे. त्यात ही बहिणीची जोडीदार. वाळूत उडी मारणं किती कठीण, ते आम्हा किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. पाय रुततो, जमीन साथ देत नाही. ज्याला वाळूत उडता येतं, त्याला पक्क्या जमिनीवर पंख फुटल्यासारखं वाटतं.

इथं थोडं माझं सांगते. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला, की आमचं गाव तीन दिवस आणि तीन रात्री रिकामं होतं. गावपळण. माणसं गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतात. अशाच एका गावपळणीत आमच्या वाडीतल्या पोरांनी दोन बांबूंना रापणीचं फाटकं जाळं बांधलं आणि व्हॉलीबॉल मांडला. गडी कमी पडले, म्हणून आम्हा तिघी मुलींना घेतलं. वेशीच्या आत ते कधीच झालं नसतं. चौथ्या दिवशी गाव भरलं आणि आमचा खेळ संपला. घरी आल्यावर कुणी रागावलं नाही, फक्त कुणी पुन्हा बोलावलंही नाही.

मुलींच्या खेळाची अमेरिकेतली गोष्ट फार निराळी होती, असं समजू नका. मुलांच्या फुटबॉलला तिथल्या कॉलेजांत पैशांची ददात नव्हती, मुलींना मात्र जुनी जाळी आणि उरलेल्या वेळेतलं मैदान मिळायचं. जून १९७२ मध्ये तिथं एक कायदा झाला. त्याचं मुख्य कलम अवघ्या ३७ शब्दांचं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच ते सांगतं. 'टायटल नाइन' या नावानं तो ओळखला जातो. त्या कलमात खेळाचा शब्दही नाही. पण त्याच दारातून मुली मैदानावर आल्या, आणि अगदी पुढच्या रांगेत फ्लो होती.

एक वर्ष घराजवळच्या एल कमिनो कॉलेजात काढून ती टेक्सासमधल्या ह्यूस्टन विद्यापीठात गेली. खेळासाठी शिष्यवृत्ती मिळालेली त्या विद्यापीठाच्या इतिहासातली पहिली मुलगी ती. तोवर हा मान फक्त मुलांचा होता. प्रशिक्षक रूथ नेल्सन यांच्या हाताखाली ती तीन मोसम खेळली. तिन्ही वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत तिची निवड झाली आणि १९७६ साली ती देशातली सर्वोत्कृष्ट महिला कॉलेज व्हॉलीबॉलपटू ठरली. ह्यूस्टनचा संघ दोनदा देशातल्या पहिल्या पाचांत आला. अभ्यासाला तिनं गणित आणि शारीरिक शिक्षण घेतलं होतं.

आता गंमत पाहा. अमेरिकन कॉलेज व्हॉलीबॉलचे विक्रम आज चाळायला घेतले, तर एका सामन्यात कुणी किती स्मॅश मारले, कारकिर्दीत किती गुण घेतले, याच्या लांबलचक याद्या दिसतात. त्यांत फ्लो नाही! तिथल्या मुख्य कॉलेज क्रीडा संघटनेनं, एनसीएएनं, मुलींची व्हॉलीबॉल स्पर्धा सुरू केली तीच मुळी १९८१ साली. फ्लोच्या वेळी मुलींचे सामने वेगळी, पैशानं दुबळी संघटना भरवायची. हिशेबाची वही उघडण्याआधीच ही पोर खेळून गेली. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना फुटबॉलच्या स्टेडियमात झाला, तेव्हा ९२ हजार ३ प्रेक्षक तिकिटं काढून आले होते. ती वही मला कुणी लिहायला दिली, तर पहिली ओळ मी ह्यूस्टनच्या त्या शिष्यवृत्तीची लिहीन.

पदवीला थोडं उरलेलं असताना तिनं विद्यापीठ सोडलं आणि राष्ट्रीय संघासाठी कोलोरॅडो स्प्रिंग्ज गाठलं. तिथं प्रशिक्षक होते आरी सेलिंजर. नाझींच्या बर्गन-बेल्सन छळछावणीतून लहानपणी वाचलेला हा माणूस. त्यांची शिस्तही तशीच पोलादी! फ्लोचा स्मॅश तोवर जगाला माहीत झाला होता. चेंडू ताशी ११० मैलांच्या वेगानं खाली येतो असं सांगितलं जाई. पण तिला जमिनीची भीती वाटायची. एवढा लांब देह चेंडूमागं झोकून द्यायचा, लाकडी जमिनीवर सूर मारायचा, हे तिच्या अंगात नव्हतं. सेलिंजरनी तिच्याकडून ते वर्षानुवर्षं करून घेतलं. आमच्याकडं उंच पोरीला जाळीपाशी उभं करून फक्त मारायला लावतात आणि तिचं मागचं काम दुसऱ्याच करतात. फ्लो तिशीकडं झुकली तरी ते मागचं काम शिकत होती.

तिच्या नशिबी ऑलिंपिकची हुलकावणी फार. १९७६ ला संघ पात्रच ठरला नाही. १९८० ला पात्र ठरला, तर अमेरिकेनं मॉस्कोवर बहिष्कार टाकला. वर्षांची मेहनत राजकारणाच्या एका निर्णयानं पाण्यात गेली. बऱ्याच जणींनी अशा वेळी खेळ सोडून संसार मांडला असता. ही थांबली. १९८१ च्या विश्वचषकात ती सर्वोत्कृष्ट आक्रमक खेळाडू ठरली, १९८२ ला पेरूमधल्या जागतिक स्पर्धेत संघाला कांस्य मिळालं आणि १९८४ ला ऑलिंपिक तिच्याच अंगणात, लॉस एंजेलिसला आलं.

समोर चीन होता, आणि चीनकडं होती लांग पिंग, जिला तिथले लोक लोखंडी हातोडा म्हणत. गटातल्या सामन्यात अमेरिकेनं चीनला हरवलं. अंतिम सामन्यात मात्र चीननं तीन सरळ सेटमध्ये बाजी मारली. फ्लोला तिशी पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. रौप्यपदक. अमेरिकेच्या व्हॉलीबॉलला, स्त्री किंवा पुरुष, तोवर ऑलिंपिकचं एकही पदक मिळालेलं नव्हतं. त्या मुलींनी ते आधी आणलं आणि पुरुष संघानं चार दिवसांनी सुवर्ण जिंकलं. लांग पिंग पुढं अमेरिकेच्याच मुलींची प्रशिक्षक झाली आणि २००८ साली बीजिंगला तिनं त्यांना रौप्यपदक मिळवून दिलं. खेळातली नाती अशीही असतात.

पदक घेऊन ती घरी बसली नाही. १९८४ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं टायटल नाइनचे दात काढले होते. सरकारी पैसा ज्या विभागाला मिळतो त्याच विभागाला कायदा लागू, असा तो अर्थ. खेळाच्या विभागाला थेट पैसा क्वचितच मिळे, म्हणजे मुली पुन्हा वाऱ्यावर. ते दुरुस्त करणाऱ्या विधेयकासाठी १९८५ साली फ्लो वॉशिंग्टनला खासदारांपुढं बोलायला गेली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग, अंतराळवीर सॅली राइड यांच्या पंक्तीत इंगलवूडची ही पोर होती. विधेयक मार्च १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून मंजूर झालं. ते पाहायला ती राहिली नव्हती.

ऑलिंपिकनंतर ती जपानला दायई नावाच्या कंपनीच्या संघाकडून खेळत होती. तिथं कंपन्यांचे संघ असतात आणि लोक मुलींचे सामने डोक्यावर घेतात. तिसऱ्या श्रेणीतला तो संघ तिनं पहिल्या श्रेणीत नेला. १९८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेला परतायचं तिनं ठरवलं होतं.

२४ जानेवारी १९८६. मात्सुए शहरात हिताची संघाशी सामना. तिसऱ्या सेटमध्ये नेहमीसारखा खेळाडू बदलला गेला आणि फ्लो बाकावर येऊन बसली. सोबतिणींना लढत राहा म्हणून सांगितलं, आणि बसल्या जागेवरून ती खाली घसरली. त्याच संध्याकाळी ती गेली.

आधी सगळ्यांनी हृदयविकाराचा झटका म्हटलं. देह अमेरिकेत आणल्यावर शवविच्छेदन झालं, तेव्हा हृदय ठणठणीत निघालं. फाटली होती ती हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महारोहिणी. तिच्या भिंतीत लहानशा नाण्याएवढा एक कमकुवत भाग होता, बहुधा जन्मापासूनचा. त्याच जागी काही आठवड्यांपूर्वीही थोडं फाटल्याच्या खुणा होत्या आणि ते भरून येऊ लागलं होतं. म्हणजे त्या अवस्थेत ती खेळत होती! कारण होतं मारफान सिंड्रोम. शरीराला सांधून धरणारं जे ऊतक असतं, तेच यात जन्मतः कच्चं असतं. साधारण पाच हजारांत एकाला हा विकार असतो. माणूस उंच, सडपातळ होतो. हात, पाय, बोटं प्रमाणाबाहेर लांब, पसरलेल्या हातांची लांबी उंचीहून जास्त. काहींची छाती आत दबलेली किंवा पुढं आलेली असते, काहींच्या डोळ्यातलं भिंग सरकतं. व्हॉलीबॉलचा खेळ १८९५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला आणि पुढच्याच वर्षी, १८९६ ला, पॅरिसमध्ये डॉक्टर आंतवान मारफान यांनी लांब बोटांच्या एका लहान मुलीचं वर्णन लिहून ठेवलं. नव्वद वर्षं दोन्ही गोष्टी आपापल्या वाटेनं चालत राहिल्या आणि मात्सुएला एकत्र आल्या.

फ्लोला हयातीत कुणी डॉक्टरनं हे सांगितलं नाही. ज्या उंचीनं तिला शिष्यवृत्ती दिली, पदक दिलं, तिच्याच पोटात हे दडलं होतं. पण तिच्या मृत्यूनंतर भावंडांची तपासणी झाली आणि एका भावाला तोच विकार निघाला. त्याच्यावर वेळेत हृदयशस्त्रक्रिया झाली. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. काही जणांत मात्र तो घरात कुणालाच नसताना नव्यानं उगवतो. उंच माणसाला हा विकार असतोच असं मुळीच नाही, हे आवर्जून सांगते, नाहीतर उद्या प्रत्येक उंच मुलीची आई दवाखान्यात. पण उंचीबरोबर वरच्या इतर खुणाही असल्या, तर सोनोग्राफीसारखाच 'इको' काढून महारोहिणी फुगली आहे का ते बघता येतं. औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहे. मुख्य म्हणजे कोणता खेळ खेळावा आणि कोणता नाही, हे आधी ठरवता येतं.

गेल्या मे महिन्यात मी भाचीला भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितलं. बहिणीनं शिवणाच्या मशीनवरची टेप आणली. उंचीहून हात दोन बोटं जास्त भरले. हे मापात बसतं की नाही, यावर बहिणीत आणि माझ्यात अर्धा तास वाद झाला. शेवटी उगाच डोक्याला ताप नको, म्हणून इको काढून आलो. डॉक्टरांनी पडद्यावर महारोहिणी दाखवली, आकडा लिहून दिला आणि सगळं नीट असल्याचं सांगितलं. सध्या तरी काळजी नाही, वर्षाभरानं पुन्हा दाखवा म्हणाले. परतीच्या एसटीत भाचीनं फ्लोची उंची पुन्हा विचारली. ६ फूट ५ इंच, मी सांगितलं. ती आपल्यापेक्षा किती जास्त, याचा बोटांवर हिशेब करत ती आचऱ्याच्या स्टँडपर्यंत बसून होती, आणि उतरल्यावर पिशवी आईकडं देऊन थेट मैदानाकडं गेली.